मान खाली

आमच्या घराण्यात आजवर कुणी गोल्फ खेळलेले नाही. आजोबा सोंगट्या खेळत आणि हरू लागले की पट उधळून देत. वडील बुद्धिबळ खेळत आणि निमूटपणे हरत. माझी स्वतःची मजल लहानपणीचा विटीदांडू आणि आता कॉलेजच्या स्टाफरूममधला कॅरम यांच्या पलीकडे गेली नाही. त्यामुळे भाऊबीजेच्या आदल्या रात्री चकली मोडता मोडता माझा मेहुणा सहज म्हणाला, "भाऊजी, उद्या पहाटे खारघरला गोल्फ खेळायला जाऊ," तेव्हा मी तेवढ्याच सहजपणे "जाऊ की!" म्हणालो. चेष्टेला चेष्टेने उत्तर द्यावे, इतकाच त्यात हेतू होता. पण पहाटे साडेपाचला दारावर टकटक झाली आणि पाहतो तो मेहुणा गळपट्टीचा सदरा घालून, डोक्यावर टोपी चढवून उभा!

हा मेहुणा गेली वीस-बावीस वर्षे इंग्लंडात, लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात राहतो. यंदा भाऊबीजेला तो मुद्दाम बहिणीकडे पनवेलला आला होता. येताना बहिणीला शाल, भाच्यांना चॉकलेटे आणि स्वतःला करमणूक म्हणून हा गोल्फचा विचार घेऊन आला होता. मुंबईतल्या कुणा मित्राकडून काठ्यांच्या दोन थैल्याही त्याने मागून आणल्या होत्या. "ओवाळायच्या आत परत या," एवढेच पत्नीने बजावले, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "ती कॉलेजची पँट कशाला? मातीत लोळून याल," असेही म्हणाली. चौदा वर्षांच्या संसारात तिचे भाकीत सहसा चुकलेले नाही.

पनवेलला राहणाऱ्या माणसाने खारघरला पाहुणा म्हणून जावे, यात थोडी गंमत आहे. आमचे पनवेल जुने. वडाळे तलाव, लाइन आळी, मिरची गल्ली आणि मुंबई-पुणे रस्त्यावरची एस.टी. या खुणांनी ओळखले जाणारे. खारघर मात्र कालपरवाचे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसवण्याचे ठरले. त्या गावांपैकी काहींच्या भातखाचरांवर हे खारघर उभे राहिले. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि कागदोपत्री आम्ही एकाच गावचे रहिवासी ठरलो. तरीही मी तिथे जातो तो पाहुण्यासारखाच. तिथल्या सेक्टरांचे आकडे मला कधी पाठ झाले नाहीत.

सकाळच्या मोकळ्या रस्त्याने अर्धा तासही लागला नाही. इमारतींची रांग संपली, आणि एकदम समोर डोंगर उभा! मी हा डोंगर पावसाळ्यात आगगाडीतून शेकडो वेळा पाहिला आहे, पण पायथ्याशी उभे राहून पाहण्याचा योग कधी आला नव्हता. ऑक्टोबर सरत आलेला. माथ्यावरचे गवत पिवळे पडू लागलेले, उतारावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, कुठे कुठे तेरड्याचे उरलेसुरले फूल. पावसाळ्यात तीनशे-साडेतीनशे फुटांवरून कोसळणारा आणि आजवर कितीतरी पोहायला गेलेल्या पोरांचे बळी घेणारा पांडवकडा आता एखाद्या म्हाताऱ्याच्या जानव्यासारखा कड्यावर लोंबत होता. आणि या सगळ्याच्या पायाशी, खालीवर होत गेलेली, हिरवीगार, कातरून ठेवलेली हिरवळ. सिडकोने हे मैदान २०१२ साली सुरू केले तेव्हा त्यात अकराच होल्स होती. गोल्फला वास्तविक अठरा लागतात. परंतु हा आकडाही काही वेदात सांगितलेला नाही. स्कॉटलंडातल्या सेंट अँड्रूजच्या मैदानावर पूर्वी एका फेरीत बावीस होल्स खेळत, ती १७६४ साली कमी करून अठरा केली, आणि पुढे जगाने तोच शिरस्ता पाळला. त्याच स्कॉटलंडात १४५७ साली पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली होती. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागे लागतात म्हणून! मेहुणा हे सांगत होता तेव्हा मला त्या पार्लमेंटविषयी मनापासून आदर वाटला.

"अगदी आमच्याकडच्या हीथसारखं आहे," डोंगराकडे पाहत मेहुणा म्हणाला.

हीथ म्हणजे काय, हे त्याने मला मोटारीतच समजावून दिले होते. रेताड, निकस जमीन, शेतीला निरुपयोगी, वर गुडघाभर खुरटी झुडपे, आणि ऑगस्टमध्ये त्यांना जांभळी फुले येतात. पूर्वी तिथे मेंढरे चरत. मग विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनकरांना आगगाडीने जाण्याजोगी खेळाची जागा हवी झाली, आणि कुणाच्या तरी लक्षात आले, की या जमिनीत पाणी साचत नाही, म्हणून बारा महिने खेळता येते. १९०१ साली सनिंगडेल, १९०४ साली वॉल्टन हीथ अशी मैदाने निघाली आणि ज्या माळाला कुणी विचारत नव्हते त्याला सोन्याचा भाव आला. मी मराठीचा प्राध्यापक. मला खेळापेक्षा शब्दात गोडी. हीथला मराठीत काय म्हणावे, याचा मी विचार करू लागलो. माळ? माळरान? बरड? की घाटावरची मुरमाड? एकही शब्द नेमका बसेना. डोंगरउताराच्या, हलक्या, गवताळ जमिनीला आपल्याकडे काहीतरी खास शब्द आहे, असे सारखे वाटत होते; पण तो काही जिभेवर येईना.

सभासद नसलेल्या पाहुण्यालाही तिथे पैसे भरून खेळता येते. पैसे मेहुण्याने भरले. आकडा मी विचारला नाही. विचारला असता तर हात आणखी थरथरले असते.

आणि मग माझे शिक्षण सुरू झाले. गोल्फचा पहिला धडा शब्दांचा असतो. 'टी' म्हणजे चहा नव्हे, ती चेंडू ठेवायची लाकडी खुंटी. मी 'टी घेऊ या' या वाक्याला मोठ्या आशेने मान डोलावली होती. 'क्लब' म्हणजे खेळायची काठी. अशा चौदापर्यंत काठ्या जवळ बाळगायची नियमाने मुभा आहे. चौदा काठ्या! आमच्या विटीदांडूत एका दांडूने सगळे भागत असे. 'बोगी'ला चाके नसतात आणि 'बर्डी'ला पंख नसतात. एवढा सगळा संसार कशासाठी, तर शेचाळीस ग्रॅमहूनही किंचित कमी वजनाचा एक चेंडू सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात पाडण्यासाठी. ते भोक तीन-चारशे यार्डांवर, आणि मध्ये वाळूचे खड्डे, पाणी, झाडे. आम्ही गली खणून विटी कोलत होतो तेव्हा आमच्या आणि इंग्रजांच्या डोक्यात मूळ कल्पना एकच होती. फक्त आमची विटी गलीतून बाहेर जायची आणि त्यांचा चेंडू आत जातो.

थैली उचलायला दोघे कॅडी आले. मेहुण्याच्या वाट्याला एक पोक्त गृहस्थ आला. माझ्या वाट्याला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सावळा, काटक तरुण. त्याने थैली खांद्यावर टाकली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "सर, तुम्ही?"

वर्गाबाहेर कुणी 'सर' म्हटले, की मी आधी नाव आठवतो, मग घाबरतो. नाव आठवले नाही. "एफ.वाय.ला होतो सर तुमच्याकडे," तो म्हणाला, "पुढं नाही केलं."

पहिला फटका मी मारला. खरे म्हणजे मारला असे म्हणता येणार नाही. काठी हवेतून मोठा सूंऽऽ आवाज करीत गेली, मी स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणि चेंडू खुंटीवर जसाच्या तसा बसून माझ्याकडे पाहत होता. जवळच कुठेतरी एक टिटवी ओरडली. मराठी काव्यात टिटवी अशुभ. इंग्रज म्हणे तिच्या ओरडण्यात 'डिड ही डू इट?' असा प्रश्न ऐकतात. त्या दिवशी मला इंग्रजांचे पटले. दुसऱ्या फटक्याला हातभर मातीचे ढेकूळ पुढे गेले आणि चेंडू मागे राहिला. तिसऱ्याला चेंडू गेला, पण डावीकडे, गवतात.

"सर, मान वर करता तुम्ही," तो तरुण हळूच म्हणाला. "चेंडू कुठं जातो ते बघायची घाई करू नका. ते मी बघतो. तुम्ही मान खाली ठेवा."

हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून तीनच. आम्ही नियमाची पर्वा न करता दहा मिनिटे शोधला. डोंगराच्या बाजूला कातरलेली हिरवळ संपते आणि कमरेएवढे रानगवत सुरू होते. दोहोंमध्ये वस्तऱ्याने आखल्यासारखी रेघ आहे. त्या गवतात तो असा शिरला, जणू घरच्या माजघरात शिरतो आहे. चेंडू घेऊन बाहेर आला, तेव्हा पायजम्याला कुसळे चिकटली होती. ती झाडत म्हणाला, "आजी इथं गवत कापायला यायची सर. हे सगळं वरकस होतं."

वरकस!

सकाळपासून जो शब्द मी शोधत होतो तो हाच. डोंगरउतारावरची हलकी जमीन. नाचणी-वरी पिकावी, नाही तर गवत कापावे. तिथलाच पालापाचोळा आणि गवत खाली आणून भाताच्या रोपांसाठी राब भाजावा. भाताचे खाचर म्हणजे कुटुंबातला कमावता मुलगा, तर वरकस म्हणजे त्याला पोसणारी, हिशेबात न धरलेली म्हातारी. हा शब्द मला कोशात मिळाला खरा. पण कोश उघडायला मला ज्याने लावले तो माणूस आता माझ्यासमोर कुसळे झाडीत उभा होता. एकदम सगळे आठवले. नावासकट आठवले.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी 'माझा परिसर' असा काहीसा विषय देऊन निबंध लिहायला सांगितले होते. काही जणांना उभे करून वाचून दाखवायला लावले. हा मागच्या बाकावरून उठला आणि वाचू लागला: 'आजी बोलली, आता वरकसावर कोणी राब भाजीत नाही.' मी त्याला तिथेच थांबवले. "'बोलली' नव्हे, 'म्हणाली'. माणूस भाषा बोलतो, वाक्य म्हणतो." इथवर ठीक होते, व्याकरण शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. पण वर्ग झोपेला आला होता आणि मला विनोद सुचला. "आजी बोलली म्हणजे काय? आधी मुकी होती की काय?" वर्ग हसला. सव्वाशे मुलांचे हसू हा प्राध्यापकाच्या धंद्यातला फार मोठा मोह आहे. त्यापायी मी आजवर बऱ्याच गोष्टी बोललो आहे. (आणि म्हणालोही आहे.) मुलगा खाली बसला. पुढचे त्याने वाचले नाही, मी वाचायला सांगितले नाही. वही तपासताना 'वरकस'खाली तांबडी रेघ ओढून मी 'अर्थबोध होत नाही' असा शेरा मारला. रात्री शंका आली म्हणून कोश काढला, शब्द सापडला, पण वही परत देऊन झाली होती. पुढच्या सत्रात हजेरी घेताना त्याच्या नावावर नुसती 'अ' ची रांग लागली आणि जूनमध्ये ते नाव कॅटलॉगमधून गेले.

आता या आठवणीचे काय करावे, हे मला कळेना. मेहुणा पुढे दीडशे यार्डांवर उभा राहून हात हलवीत होता. मी काठी घेतली, मान खाली घातली, आणि ती इतक्या मनापासून खाली घातली, की फटका चक्क लागला! चेंडू उंच उठला, डोंगराच्या करड्या पार्श्वभूमीवर क्षणभर पांढरा ठिपका दिसला असावा. मी पाहिला नाही. "वा सर!" तो म्हणाला. त्याच्या स्वरात थट्टेचा लवलेशही नव्हता. सकाळपासून माझ्या पन्नासएक फटक्यांपैकी चाळीस हास्यास्पद होते; मेहुणा पोट धरून हसत होता, त्याचा कॅडी तोंड फिरवून हसत होता. हा मुलगा एकदाही हसला नव्हता.

चालता चालता मी विचारले, "कॉलेज का सोडलंस?"

"वडील आजारी पडले ना सर. मग नोकरी बघितली, टेम्पो चालवला. इथं आलो तेव्हा खेळ काही माहीत नव्हता. बघून बघून शिकलो." थोडे थांबून म्हणाला, "आता चेंडू सुटला, की आवाजावरून सांगतो कुठं पडणार."

कारण मिळाले, आणि सुटका झाल्यासारखे वाटायला हवे होते; ते वाटले नाही. विषय बदलावा म्हणून मी जमिनीचे विचारले. त्याच्या घरची खाचरे आजोबांच्या वेळीच संपादनात गेली होती. साडेबारा टक्क्यांचा भूखंड नंतर मिळाला, तोही विकला गेला. साडेबारा टक्के हा शब्द आमच्या तालुक्यात मूल 'आई-बाबा' नंतर शिकते. जानेवारी १९८४ मध्ये जासईला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले, पनवेलचे अनेक वर्षे आमदार असलेले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, आणि त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व आले. मेहुण्याला हे मी नंतर मोटारीत सांगितले. वॉल्टन हीथवर मेंढरे चारणाऱ्यांना किती टक्के मिळाले, हे त्याला सांगता आले नाही.

"डोंगर तरी राहिला," मी म्हणालो. "तिकडे उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापून काढली."

"हो सर. हा राहिला," तो म्हणाला. डोंगराकडे त्याने पाहिलेही नाही.

सातव्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. वाळूत काठी टेकवायची नाही, हा नियम. मी ती टेकवली, उगारली, आपटली, आणि तोंडात वाळू गेल्यावर थुंकत तिथेच बसलो. पत्नीचे पँटबद्दलचे भाकीत इथे खरे झाले. तोही खाली उकिडवा बसला. पाण्याची बाटली पुढे केली. आणि माझ्याकडे न बघता, वाळूवर दाताळे फिरवीत म्हणाला, "सर, तो निबंध आठवतो? तुम्ही दहापैकी सात दिले होते."

"आठवतो," मी म्हणालो. घशात वाळू होतीच.

"आजीला पूर्ण वाचून दाखवला होता घरी. तुम्ही काय बोललात तेही सांगितलं."

"मग?"

"हसली." दाताळे थांबले. "बोलली, मास्तरांना सांग, मी कधीच मुकी नव्हते. ऐकायला कोणी नव्हतं."

मी काय उत्तर दिले ते लिहिण्यासारखे नाही. कारण दिलेच नाही. माफी मागण्याचे मनात आले, पण खड्ड्यात बसून, एका हातात काठी आणि एका हातात बाटली घेऊन माफी कशी मागतात, ते मला ठाऊक नव्हते. शिवाय त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती; आजीचा निरोप पोचवायचा राहिला होता तो पोचवला, एवढेच. "सर, मनगट सैल सोडा," तो उठत म्हणाला, "चेंडूला मारूच नका. चेंडूमागच्या वाळूला मारा. वाळूच चेंडूला उचलते." मी वाळूला मारले. वाळूने चेंडूला उचलले. तो हिरवळीच्या कडेला जाऊन पडला आणि दोन फूट घरंगळून थांबला. विद्यार्थी असावे ते इतके सोपे असते, हे मी विसरून गेलो होतो.

उरलेली दोन होल्स लवकर आटपली. आम्ही नऊच खेळलो. ऊन चढले होते, आणि ओवाळणीचे तबक घरी खोळंबले होते. कार्डावर माझ्या फटक्यांची बेरीज मेहुण्याने त्र्याऐंशीपर्यंत केली आणि मग सद्गृहस्थासारखी पेन्सिल खिशात ठेवली. त्याची स्वतःची एकूण संख्या त्रेचाळीस होती, आणि घरी पोचेपर्यंत ती त्याने मला चार वेळा सांगितली.

मोटारीपाशी मी खिशात हात घातला. कॅडीचा मेहनताना मेहुण्याने दिला होता, पण वर काही द्यावे असे वाटले. हात तसाच राहिला. त्याला पैसे देणे मला जमेना आणि न देणेही बरे दिसेना. शेवटी दिवाळी म्हणून पत्नीने बरोबर दिलेला फराळाचा डबा होता, तो पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

"आजी आहे ना?" मी विचारले.

"आहे की! पहाटेपासून घर डोक्यावर घेते. दिसत नाही नीट, पण बोलायला कमी नाही." तो पहिल्यांदाच हसला. "या ना सर एकदा घरी. तिला वरकसाचं विचारा. दिवसभर सांगत बसेल. डबा पण परत द्यायचा आहे."

"येईन," मी बोललो.

मेहुण्याने मोटारीचा भोंगा वाजवला. दहा वाजायला आले होते.